शरीर खोटे बोलत नाही
एर्लांगेनच्या प्रयोगशाळेपासून आपल्या उसाच्या मळ्यापर्यंत

जर्मनी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारी, यंत्रे आणि औषधांचे कारखाने उभे राहतात. त्या देशाच्या बव्हेरिया प्रांतात, न्यूरेंबर्ग शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, एर्लांगेन नावाचे एक टुमदार शहर आहे. वस्ती लाखाच्या थोडी वर. १६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेले अभय काढून घेतले, तेव्हा देशोधडीला लागलेल्या यूग्नो कुटुंबांना पुढच्याच वर्षी येथे आसरा मिळाला. फ्रेंच बोलणाऱ्या या कारागिरांनी पायमोजे आणि हातमोजे करण्याचे धंदे येथे वाढवले. पोटासाठी मुलुख सोडून आलेल्या माणसांनी घडवलेले हे शहर आहे. आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजात बसून या बेटावर उतरले, त्यामुळे आपल्याला तरी ही कथा परकी वाटू नये.

१७४३ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठात एका साध्या प्रश्नाचा फार मोठा अभ्यास झाला आहे. माणूस ज्या धंद्यावर पोट भरतो तो धंदा त्याच्या शरीरात काय काय घालतो, आणि ते मोजायचे कसे? आजच्या लेखात आम्ही याच प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. विषय शास्त्राचा असला तरी तो आपल्या घरातला आहे. आपल्यापैकी कोणाचा बाप उसाच्या मळ्यात फवारणी करीत होता, कोणाचा आजा साखर कारखान्यात होता, कोणाची बहीण शिवणकामाच्या कारखान्यात किंवा हॉटेलच्या धुलाईघरात कामाला आहे.

आरशामागचा पारा

प्रथम थोडा इतिहास पाहू. एर्लांगेन आणि न्यूरेंबर्ग यांच्या मध्ये फ्यूर्त नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात या भागातून जगभर आरसे जात. त्या काळी आरसा करण्याची रीत अशी होती. सपाट दगडी मेजावर कथलाचा पातळ वर्ख पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच हळूच सरकवायची आणि तिच्यावर वजने ठेवून जादा पारा कित्येक दिवस निथळू द्यायचा. आपल्या आज्यांच्या काळी पितळी भांड्यांना कल्हई लागे, ती सर्वांना ठाऊक आहे. ही काचेची कल्हईच म्हणा ना, पण तिच्यात पारा होता. पारा उघडा राहिला की साध्या खोलीच्या उष्णतेतही त्याची वाफ होते. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. कामगार दिवसभर ती श्वासातून ओढून घेत. कारखान्यांत बायकाही पुष्कळ असत.

१८५९ ते १८६३ या काळात आडोल्फ कुसमाउल नावाचे डॉक्टर एर्लांगेनला प्राध्यापक होते. मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत रोगी जो खोल, जोराचा श्वास घेतो, त्याला डॉक्टर लोक आजही त्यांचेच नाव देतात. त्यांनी या आरसे कामगारांना तपासले आणि १८६१ साली पाऱ्याच्या विषबाधेवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिरड्या सुजणे, लाळ गळणे, दात हलणे ही लक्षणे तर होतीच. पुढे हात थरथरू लागत, घास तोंडापर्यंत नेता येत नसे. याहून चमत्कारिक म्हणजे माणसाचा स्वभावच पालटे. चांगला धीट कारागीर परक्या माणसासमोर बावरू लागे, लाजे, कारण नसता चिडे आणि रात्री जागा राही. बाहेरच्या माणसाला वाटावे की हा भित्रा आहे, नाही तर दारुडा आहे. कुसमाउल यांनी दाखवले की हा दोष माणसाचा नव्हे, पाऱ्याचा आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाऱ्याशिवाय आरसा करण्याची रीत तेव्हा सापडलेली होती. युस्टुस फॉन लिबिग हे विख्यात रसायनशास्त्रज्ञ विद्यार्थी असताना काही काळ एर्लांगेनलाच होते. काचेवर चांदीचा थर कसा बसवावा हे त्यांनी दाखवून दिले होते, आणि १८५० नंतर फ्यूर्तच्याच परिसरात त्या रीतीने आरसे करूनही पाहिले गेले. पण धंदा जुन्याच वाटेने चालू राहिला. सरकारी नियम कडक होऊन पारा मागे हटला तो १८८० नंतरच्या दशकात. म्हणजे रोग ओळखला होता, त्यावरचा उपायही हाती होता, तरी मध्ये वीसपंचवीस वर्षे गेली. त्या वर्षांत ज्यांचे हात थरथरले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

हे असे का व्हावे? एक कारण पैशाचे. दुसरे कारण असे की कामगाराच्या बोलण्याला पुरावा नव्हता. तो म्हणे, मला त्रास होतो. मालक म्हणे, तुझी प्रकृतीच तशी. कोणाचे खरे हे दाखवणारी मोजपट्टी कोणाकडेही नव्हती.

मोजपट्टी सापडली

ही मोजपट्टी तयार करण्याच्या कामात विसाव्या शतकात एर्लांगेनचा मोठा वाटा आहे. १९६५ साली तेथील विद्यापीठात व्यवसायजन्य आणि सामाजिक आरोग्याची संस्था सुरू झाली. हेल्मुट व्हॅलेंटिन हे तिचे पहिले प्रमुख. पुढे पर्यावरणाचा विषयही तिच्या नावात आणि कामात आला. युर्गेन आंगेरर या रसायनशास्त्रज्ञांनी तेथे अनेक वर्षे प्रयोगशाळा चालवली, आणि २००० सालानंतर हान्स ड्रेक्सलर यांनी संस्थेची धुरा सांभाळली. रक्तात आणि लघवीत विषारी द्रव्ये किती आहेत हे अचूक मोजणे, ही या संस्थेची ख्याती.

वाचक विचारतील, कारखान्याची हवा मोजली तर पुरे नाही का? हवा मोजायलाच हवी. पण तेवढ्याने भागत नाही. आम्ही वर्गात हे हौदाच्या उदाहरणाने समजावतो. हौदात तीन नळांनी पाणी येते आणि एका मोरीने जाते. तुम्ही एकाच नळाखाली बादली धरून मोजले तर हौद किती भरला हे कळेल काय? माणसाचे शरीर असेच आहे. विष श्वासाने येते, न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या भाकरीतून येते, आणि धडधाकट दिसणाऱ्या कातडीतूनही आत झिरपते. कित्येक कीटकनाशके आणि रंगकामातील पातळ द्रव्ये कातडीतून सहज शिरतात. अशा वेळी हवा स्वच्छ निघेल आणि माणूस मात्र विषाने भरलेला असेल.

शिवाय माणूस माणसासारखा नसतो. एकाच खोलीत दोघे काम करतात. एक बसून बाटल्या मोजतो, दुसरा पोती उचलतो. पोती उचलणाऱ्याचा श्वास जोराने चालतो, म्हणून त्याच हवेतून तो अधिक विष घेतो. एकाचे हातमोजे धड असतात, दुसऱ्याचे फाटके. हवेचा आकडा दोघांना सारखाच. रक्ताचा आणि लघवीचा आकडा ज्याचा त्याचा.

जर्मनीत १९५५ पासून शास्त्रज्ञांची एक समिती कामाच्या जागी कोणते द्रव्य हवेत किती असले तर चालेल याच्या मर्यादा सुचवीत आली आहे. १९८० च्या सुमारास तिने आणखी एक यादी सुरू केली. कामगाराच्या रक्तात किंवा लघवीत कोणते द्रव्य किती आढळले तर धोका समजावा, हे त्या यादीत असते. आमच्या मते ही फार मोठी पायरी होती. कारखान्याची हवा मोजता मोजता शास्त्र कामगारापर्यंत येऊन पोचले.

साखरेचा एक चमचा, शंभर टँकर

हे मोजमाप किती बारीक असते ते पाहा. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. लघवीच्या एका लिटरात एखादे द्रव्य एक मायक्रोग्रॅम आहे असे म्हटले, तर त्याचा अर्थ असा. दहा हजार लिटर पाण्याचा एक टँकर, असे शंभर टँकर आणा. त्या सगळ्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम साखर विरघळवा. चहाच्या चमच्यात त्याच्या कितीतरी पट साखर मावते. त्या पाण्यातली ती साखर ओळखायची आणि तिचे वजनही सांगायचे. आजच्या यंत्रांना हे साधते.

पण यंत्र चांगले असले म्हणजे झाले असे नाही. केव्हा मोजायचे हेही कळावे लागते. काही कीटकनाशके शरीरात फुटून एकदोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातात. फवारणी सोमवारी आणि तपासणी शुक्रवारी झाली, तर कागदावर सर्व ठीक दिसेल. शिसे रक्तात आठवड्यामागून आठवडे राहते आणि हाडांत तर वर्षानुवर्षे दडून बसते. कॅडमियम मूत्रपिंडात दशके ठाण मांडते. म्हणून एका द्रव्यासाठी पाळी संपतानाची लघवी घेतात, दुसऱ्यासाठी आठवड्याच्या शेवटची. आणखी एक खुबी आहे. ज्याने तांब्याभर पाणी पिऊन घेतले त्याची लघवी पातळ, उन्हात राबलेल्याची दाट. दोन्हींची तुलना नीट व्हावी म्हणून क्रिएटिनिन नावाचे द्रव्य सोबत मोजतात आणि त्याच्या प्रमाणात हिशेब करतात. आपल्यासारख्या उष्ण बेटावर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

परीक्षकाचीही परीक्षा

आम्हा शिक्षकांना एक अनुभव नेहमीचा आहे. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे दिली तर गुण वेगळे पडतात. मग मुलाने कोणाचे खरे मानावे? प्रयोगशाळांचेही तसेच आहे. एका प्रयोगशाळेने सांगितले शिसे जास्त आहे, दुसरीने सांगितले कमी आहे, तर भांडणात फावते कोणाचे? ज्याला काहीच करायचे नाही त्याचे.

यावर एर्लांगेनच्या संस्थेने उपाय काढला. १९८२ पासून ती प्रयोगशाळांची परीक्षा घेते. रक्ताचे आणि लघवीचे नमुने तयार करून वर्षातून दोन वेळा देशोदेशींच्या प्रयोगशाळांकडे पाठवले जातात. कोणत्या नमुन्यात काय किती आहे हे त्यांना सांगत नाहीत. त्यांनी मोजून कळवायचे आणि मग निवडक अनुभवी प्रयोगशाळांच्या आकड्यांशी ते ताडून पाहायचे. जी उतरते तिला प्रमाणपत्र मिळते. या कामाचा गाजावाजा होत नाही, वर्तमानपत्रात मथळे येत नाहीत. पण जगाच्या एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाला खरा मानता येतो, तो अशा कामामुळेच.

कारखान्याबाहेरची माणसे

पुढे संस्थेने कारखान्याच्या भिंतीबाहेर पाहिले. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट नावाची द्रव्ये घालतात. नळ्या, जमिनीवरचे प्लॅस्टिकचे आच्छादन, रक्ताच्या पिशव्या, अशा कितीतरी वस्तूंत ती असत. ही द्रव्ये प्लॅस्टिकला घट्ट बांधलेली नसतात. हळूहळू सुटतात आणि अन्नातून, धुळीतून पोटात जातात. सामान्य माणसाच्या पोटात ती किती जातात? पूर्वी याचे उत्तर अंदाजाने दिले जाई.

एर्लांगेनच्या शास्त्रज्ञांनी शरीरालाच विचारले. त्यांनी ८५ सामान्य लोकांची लघवी तपासली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यांपैकी कोणी थॅलेटच्या कारखान्यात काम करणारे म्हणून निवडलेले नव्हते. तरी सुमारे १२ टक्के लोकांच्या शरीरात एका थॅलेटचे रोजचे प्रमाण तेव्हा सुरक्षित मानलेल्या मर्यादेहून जास्त जात असल्याचे हिशेबाने निघाले. अंदाज कमी होते, लघवीने खरे सांगितले. जगभर अशा अभ्यासांची भर पडत गेली. लहान मुलांच्या खेळण्यांत काही थॅलेट घालण्यावर युरोपीय संघाने १९९९ पासून तात्पुरती बंदी ठेवली होती, २००५ साली ती कायमची केली.

यातून शिकण्यासारखे काय? जे मोजले जात नाही ते नाही असे समजण्याची माणसाला खोड असते. मोजले म्हणजे ते दिसू लागते, आणि दिसले म्हणजे कोणाला तरी उत्तर द्यावे लागते.

यवतमाळची आठवण

आता आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्राकडे वळू. मुंबईच्या गिरणगावात कापसाच्या धुळीने कामगारांच्या छात्या भरून येत. सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की दम जास्त लागे, ही त्या रोगाची खूण. बिसिनोसिस असे त्याचे नाव. त्याची कथा मोठी आहे, ती पुन्हा केव्हा तरी. आज २०१७ सालच्या यवतमाळची गोष्ट सांगतो, कारण तिचा संबंध फवारणीशी आहे आणि फवारणी आपल्याही दारात आहे.

विदर्भातील यवतमाळ जिल्हा कापसाचा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर तेथे कीटकनाशक फवारणारे शेतकरी आणि शेतमजूर एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. डोळ्यांची आग, अंधुक दिसणे, उलट्या, घाम, श्वास कोंडणे. शेकडो माणसे दवाखान्यात गेली आणि त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक दगावली. त्या वर्षी कपाशीची झाडे नेहमीपेक्षा उंच वाढली होती, माणसाच्या तोंडापर्यंत. त्यामुळे फवारा खाली न पडता चेहऱ्यावर येत होता. नव्या प्रकारच्या पंपांतून बारीक धुके निघे. एकाहून अधिक औषधे एकत्र कालवली जात. तोंडाला फडके, अंगात घामाने भिजलेला सदरा, पायात काही नाही. ज्याचे शेत नाही असा मजूर रोजंदारीवर दिवसाकाठी कितीतरी पंप मारतो. डब्यावरची बारीक अक्षरे त्याने वाचावीत कशी?

यांतील एका जातीची कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करतात. मज्जातंतूंचे काम नीट चालण्यासाठी ते लागते. रक्तात ते किती उरले आहे हे तपासले की विष किती चढले याचा अंदाज येतो, आणि कोणाला कामावरून थांबवावे हेही वेळेवर कळते. ही तपासणी नवी नाही, फार महागडीही नाही. पण तेव्हा यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात ती होत नसे. शास्त्र एर्लांगेनला होते, जगातल्या अनेक प्रयोगशाळांत होते. ज्याच्या अंगावर फवारा उडत होता त्याच्या तालुक्यात नव्हते. आरशाच्या कारखान्यात ज्ञान आणि संरक्षण यांच्यामध्ये वीसपंचवीस वर्षांचे अंतर होते. येथे ते मैलांचे होते.

आपल्या बेटावर

आपल्या मॉरिशसकडे पाहू. शंभर वर्षांहून अधिक काळ उसाने आपल्याला वाढवले. मळ्यात तण मारण्याची औषधे आली, तशी खुरपणी कमी झाली आणि कंबर थोडी वाचली, हे खरे. पण पाठीवर पंप बांधून ओळीओळीने फिरणारा माणूस आपल्याच वाडीतला असतो. संध्याकाळी तो घरी येतो आणि त्याचे कपडे त्याची बायको धुते, मुलांच्या कपड्यांबरोबरच. विष कामावर राहत नाही, कपड्यांबरोबर उंबरठा ओलांडते. भाजीपाल्याची शेती करणाऱ्यांनी तर हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण तेथे फवारणी वारंवार होते.

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ जहाज प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले, आणि ६ ऑगस्टपासून त्याचे तेल समुद्रात पसरू लागले. सुमारे एक हजार टन तेल सांडले. तेव्हा बेटावरची माणसे जात, धर्म विसरून किनाऱ्यावर धावली. उसाचा पाला पिशव्यांत भरून, कापलेले केससुद्धा घालून त्यांनी तेल अडवणारे तराफे केले. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि राहील. पण त्यांतले कित्येक जण उघड्या हातांनी, गुडघाभर तेलात उभे होते. अशा तेलातील काही द्रव्ये कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात, आणि त्यांची खूण लघवीत एकदोन दिवस सापडते. मदतीला धावणाऱ्याच्या हाती बादलीबरोबर हातमोजेही द्यावेत, आणि संध्याकाळी त्याची लघवी तपासण्याची सोय असावी, एवढा धडा तरी त्या दिवसांतून घेतला पाहिजे.

शाळांविषयीही दोन शब्द. पूर्वी उष्णतामापक फुटला की मुले पाऱ्याचे चकचकीत गोळे तळहातावर नाचवीत आणि कोणी त्यांना रागावत नसे. आरशाच्या कारखान्यातला तोच हा पारा. २०१३ साली जपानच्या मिनामाता गावाचे नाव घेऊन पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला आणि असे उष्णतामापक मागे पडत आहेत. तरी जुन्या कपाटात एखादा असेल. तो फुटला तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, आणि पारा झाडूने मुळीच झाडू नये. झाडूने त्याचे शेकडो बारीक थेंब होतात आणि वाफ वाढते. पुठ्ठ्याच्या कडेने गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत.

मोजण्याची मर्यादा

मोजणे हाच सर्व दुखण्यांवर उतारा आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६० साली आलिक्स आणि कारोल ही चक्रीवादळे आली, हजारो घरे उडाली, आणि त्यानंतर वसाहतींत ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांची घरे उभी राहिली. डोक्यावर छप्पर मिळाले म्हणून लोकांनी तेव्हा देवाचे आभारच मानले. पण ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात, लघवीत उतरत नाहीत. त्यांच्यामुळे होणारा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तेथे एकच उपाय, तंतू हवेत उडू न देणे. जुना पत्रा करवतीने कापू नये, त्याला छिद्रे पाडू नयेत, तो घासू किंवा फोडू नये. तो काढण्याचे काम जाणत्या माणसांकडूनच व्हावे. जर्मनीने १९९३ साली ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, तरी जुन्या इमारतींतला ॲस्बेस्टॉस त्यांनाही अजून पुरून उरला आहे.

दुसरी मर्यादा माणसांच्या व्यवहाराची आहे. कामगाराच्या रक्तात शिसे जास्त निघाले तर दोन वाटा असतात. एक, शिशाची धूळ बंद करायची. दुसरी, त्या कामगाराला काढून नवा ठेवायचा. दुसरी वाट स्वस्त. अशाने मोजपट्टी कामगाराच्याच गळ्याचा फास होते. म्हणून जर्मनीच्या नियमांत अशी तपासणी कामगाराच्या इच्छेविरुद्ध करता येत नाही, आणि आकडा डॉक्टर त्याला सांगतो, मालकाला नाही. मालकाला सांगायचे ते एवढेच की संरक्षणाची व्यवस्था अपुरी आहे, ती सुधारा. हा नियम आम्हाला यंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आपण काय करावे

इटलीचे डॉक्टर बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. डॉक्टरने रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना आणखी एक विचारावा, तुझा धंदा काय, असे त्यांचे सांगणे होते. तीनशे वर्षांनंतरही घाईगर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न राहून जातो. डॉक्टरांनी विचारला नाही तर आपणच सांगावे. मी फवारणी करतो, मी रंगकाम करतो, मी जुन्या बॅटऱ्या फोडतो, मी कोंदट खोलीत गोंद लावतो. वापरलेल्या डब्यावरचे नाव लिहून न्यावे. आपल्या देशात सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. पण योग्य तपासणी व्हायची तर योग्य माहिती आधी डॉक्टरांपर्यंत पोचली पाहिजे.

घरातल्या शिकलेल्या मुलांनी डब्यावरची बारीक अक्षरे आईवडिलांना मराठीत किंवा क्रेओलमध्ये वाचून दाखवावीत. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. वारा तोंडावर असेल तेव्हा फवारणी करू नये. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल साठवू नये. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये. या गोष्टी लहान आहेत, पण हौदाचे दोन नळ यांनीच बंद होतात. तिसरा नळ बंद करणे मालकाचे आणि सरकारचे काम आहे. आपल्या देशात २००५ चा व्यवसाय सुरक्षा आणि आरोग्य कायदा आहे. धोक्याची पाहणी करणे हे त्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कामगार संघांच्या सभेत पगाराच्या मागणीबरोबर ही मागणीही असावी. फवारणीच्या हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात पुन्हा एकदा रक्त तपासा, आणि आकडा आम्हाला कळवा. हंगामापूर्वीचा आकडा हवाच, कारण कोलिनेस्टरेज प्रत्येकाचे निराळे असते. ज्याचा मूळ आकडाच ठाऊक नाही, त्याचे किती घटले हे कसे सांगणार?

आपल्या पूर्वजांनी या बेटावर किती धूळ, किती धूर, किती विष गिळले हे आता कोणालाही मोजता येणार नाही. त्यांची दुखणी त्यांच्याबरोबर गेली. ताप आला, छाती भरली, दिवस भरले, एवढेच घरोघरी सांगितले जाते. त्यांच्या नातवंडांच्या आणि पणतवंडांच्या बाबतीत तसे होण्याचे कारण नाही. शरीर खोटे बोलत नाही. ते रोज साक्ष द्यायला तयार असते. ती साक्ष नोंदवून घेणारा कोणी तरी समोर हवा, आणि ती मागण्याचा हक्क आपला आहे हे आपल्याला ठाऊक हवे.